कर्णधाराचा सौदा

हॉकी हा शब्द कानी पडला की भारतीय श्रोत्याच्या डोळ्यांपुढे हिरवे मैदान, वाकडी काठी आणि मेजर ध्यानचंदांची मूर्ती उभी राहते. कॅनडातील माणसापुढे याच शब्दाने वेगळे चित्र उभे राहते. तेथे हॉकी म्हणजे बर्फावरची हॉकी. दोनशे फूट लांब आणि पंचाऐंशी फूट रुंद असे बर्फाचे गुळगुळीत प्रांगण, पायांत पोलादी पात्यांचे बूट, प्रत्येक बाजूस सहा खेळाडू, आणि चेंडूऐवजी रबराची एक काळी, चपटी चकती. हिवाळा दीर्घ, नद्या आणि तळी गोठलेली, अशा देशात हा खेळ जन्मला आणि तेथील लोकजीवनात मुरला. आपल्याकडे क्रिकेटवरून जसे घराघरांत वाद रंगतात, तसे तेथे या खेळावरून रंगतात. हे वाद नेहमीच जयापजयाचे असतात असे नाही. पुष्कळदा ते निष्ठेचे असतात, आणि निष्ठेचे वाद अधिक कडू असतात.

अशाच एका वादाची ही हकीकत आहे. स्थळ ओटावा, कॅनडाची राजधानी. दिवस 13 सप्टेंबर 2018. त्या दिवशी ओटावा सेनेटर्स या संघाने आपला कर्णधार एरिक कार्लसन याला कॅलिफोर्नियातील सॅन होजे शार्क्स या संघाच्या हवाली केले आणि मोबदल्यात काही तरुण खेळाडू व भावी काळातील काही हक्क पदरात घेतले. व्यवहाराच्या भाषेत ही अदलाबदल होती. ओटावाच्या रसिकांना मात्र घरातला कर्ता मुलगा दुसऱ्याला देऊन टाकावा तसे वाटले. काहींना हा शहाणपणा वाटला, काहींना विश्वासघात, आणि पुष्कळांना दोन्ही एकाच वेळी वाटले.

ओटावाचे या खेळाशी नाते जुने आहे. लॉर्ड स्टॅन्ली हे कॅनडाचे गव्हर्नर जनरल असताना 1892 साली त्यांनी जो चषक देऊ केला, तो पुढे या खेळातील सर्वोच्च मान ठरला. त्या काळी ओटावा हे या खेळाचे एक मोठे पीठ होते. सेनेटर्स हेच नाव मिरवणाऱ्या तेथील जुन्या संघाने 1927 साली शेवटचा चषक जिंकला; पुढे मंदीच्या काळात, 1934 साली, तो संघ ओटावातून गेला. जवळजवळ साठ वर्षे हे शहर राष्ट्रीय लीगमधील संघावाचून राहिले. 1992 साली त्याच नावाने नवा संघ उभा राहिला. जो एकदा घर गमावतो, त्याला दुसऱ्या घराच्या भिंतीला गेलेला बारीकसा तडाही सहन होत नाही. ओटावाच्या रसिकांचा हळवेपणा या पार्श्वभूमीवर पाहिला पाहिजे.

एरिक कार्लसन हा स्वीडनमधील खेळाडू. 2008 साली नवोदितांच्या निवडीत ओटावाने त्याला पंधराव्या क्रमांकावर घेतले. ती निवड ओटावातच भरली होती, आणि त्याचे नाव जाहीर केले ते संघाचा तेव्हाचा कर्णधार, स्वीडनचाच डॅनियल आल्फ्रेडसन याने. कार्लसनचे स्थान बचावपटूचे. पण बचाव करता करता तो अशा वेगाने पुढे सरसावे की प्रतिस्पर्ध्याला आक्रमण आपले की त्याचे हा संभ्रम पडावा. सर्वोत्तम बचावपटूला मिळणारा नॉरिस चषक त्याने 2012 साली वयाच्या बाविसाव्या वर्षी आणि पुन्हा 2015 साली मिळवला. 2013 च्या फेब्रुवारीत प्रतिस्पर्ध्याच्या बुटाच्या पात्याने त्याच्या टाचेवरचा स्नायुबंध कापला गेला. मोसम संपला असे सर्वांनी धरले असता एप्रिलमध्ये तो पुन्हा बर्फावर उतरला. 2014 साली तो कर्णधार झाला. 2017 च्या वसंतात ओटावाचा संघ उपान्त्य फेरीच्या सातव्या सामन्यापर्यंत पोचला. दुसऱ्या जादा वेळेत पिट्सबर्गच्या एका गोलाने त्यांची वाट अडवली. त्या वसंतात कार्लसन पायाच्या हाडांना सूक्ष्म तडे गेले असतानाही खेळत होता. असा खेळाडू रसिकांच्या हिशेबात केवळ गुणांचा धनी राहत नाही. तो त्यांच्या गावाचा अभिमान होऊन बसतो.

एक गोल कमी पडला, आणि त्यानंतर सारे घसरत गेले. 2017-18 च्या मोसमात संघ एकतीस संघांत तिसावा आला. डिसेंबर 2017 मध्ये संघाचे मालक युजीन मेलनिक यांनी, वेळ आली तर संघ दुसऱ्या शहरी नेण्याचाही विचार होऊ शकेल, अशा अर्थाचे उद्गार काढले. साठ वर्षांचा वनवास भोगलेल्या शहराला हे किती झोंबले असेल हे सांगणे नको. मार्च 2018 मध्ये रसिकांनी वर्गणी काढून, मालकाने संघ सोडावा अशा मागणीचे फलक शहरात लावले. गंमत अशी की याच मालकाला 2015 साली यकृताच्या विकाराने मृत्यू समोर दिसत असता संघाने लोकांना जाहीर आवाहन केले होते. शेकडो माणसे यकृताचा अंश देण्यास पुढे आली होती आणि आपले नाव उघड न करणाऱ्या एका दात्याने त्यांचे प्राण वाचवले होते. एका शहराचे आणि एका मालकाचे नाते तीन वर्षांत कोठून कोठे जाऊ शकते, याचे हे उदाहरण आहे.

सौद्याच्या तीनच दिवस आधी मालकाने चित्रफितीतून जाहीर केले की संघाची आता नव्याने बांधणी करावयाची आहे. ही नवी बांधणी म्हणजे काय, हे समजून घेतल्याशिवाय पुढचा वाद समजणार नाही. या लीगमध्ये प्रत्येक संघाच्या एकूण वेतनाला वरची मर्यादा घातलेली आहे. 2018-19 साली ती 7 कोटी 95 लाख डॉलर होती. केवळ पैशाच्या जोरावर सारे नामवंत खेळाडू एका छताखाली आणता येत नाहीत. दुसरी गोष्ट म्हणजे दरवर्षी होणारी नवोदितांची निवड. जो संघ तळाशी राहतो त्याला पहिल्या काही खेळाडूंपैकी एक निवडण्याची संधी मिळते; नेमका क्रम सोडतीने ठरतो. म्हणजे या व्यवस्थेत पराभवालाही एक मोल आहे. मधल्या स्थानी रेंगाळणाऱ्या संघाला ना चषक मिळतो, ना चांगला नवोदित. म्हणून काही संघ असा विचार करतात की असलेले मोठे खेळाडू देऊन टाकावेत, त्यांच्या बदल्यात तरुण खेळाडू आणि निवडीचे हक्क घ्यावेत, काही वर्षे हार पत्करावी, आणि मग नव्या पिढीच्या बळावर वर यावे. जमीन पडीक ठेवून तिचा कस वाढवण्याचाच हा प्रकार. फरक इतकाच की पडीक वर्षांतही रसिकाला तिकिटाचे पैसे मोजावे लागतात.

कार्लसनच्या बदल्यात ओटावाला चार तरुण खेळाडू मिळाले: क्रिस टियर्नी, डिलन डीमेलो, रुडॉल्फ्स बाल्सर्स आणि जॉश नॉरिस. त्याशिवाय सॅन होजेचा पहिल्या फेरीतील निवडीचा एक हक्क मिळाला. 2018-19 मध्ये सॅन होजे बाद फेऱ्यांत पोचले, तर हा हक्क 2020 चा ठरणार होता. दुसऱ्या फेरीतील एक हक्क आणि अटींवर अवलंबून असलेले आणखी काही हक्कही होते. यांतला एकही खेळाडू कार्लसनच्या जवळपास येणारा नव्हता. शहर सोडण्याची आपली इच्छा नव्हती, असे कार्लसनने निरोप घेताना सांगितले.

यावर रसिकांत जे तट पडले ते नीट पाहण्यासारखे आहेत. पहिला तट हिशेबी लोकांचा. त्यांचे म्हणणे असे की कार्लसनचा करार आणखी एका वर्षाने संपणार होता. त्याचे वेतन तेव्हा वर्षाला 65 लाख डॉलर होते. नव्या करारात ते पुष्कळ वाढणार हे उघड होते. संघ तळाशी, खेळाडू अठ्ठाविशीत. संघ पुन्हा उभा राहीपर्यंत त्याची उमेद ओसरणार. वर्ष संपताच तो मोकळा होऊन निघून गेला तर हाती काहीच उरणार नाही. याला आधारही होता. 2013 साली खुद्द आल्फ्रेडसन असाच करार संपताच डेट्रॉइटला गेला होता आणि ओटावाच्या हाती केवळ आठवणी राहिल्या होत्या. तेव्हा फळ पिकून गळण्यापूर्वी उतरवावे हे बरे, असा या तटाचा निष्कर्ष.

दुसरा तट निष्ठावंतांचा. त्यांचा प्रश्न साधा होता: संघ म्हणजे काय? चिन्ह, रंग आणि नाव एवढेच, की ते अंगावर वागवणारी माणसेही? 2013 मध्ये एक कर्णधार गेला, 2014 मध्ये जेसन स्पेझा हा दुसरा कर्णधार डॅलसला दिला गेला, आणि 2018 मध्ये तिसरा. पाच वर्षांत तीन कर्णधार ज्या घरातून बाहेर पडतात, त्या घरात पुढचा मुलगा तरी कशाला थांबेल? मोठा खेळाडू सहज सापडत नाही. तो सापडला तर त्याच्याभोवती संघ बांधावा. त्याला देऊन पुन्हा त्याच्यासारखाच कोणी सापडावा म्हणून वाट पाहणे म्हणजे हातचे सोडून पळत्याच्या पाठीस लागणे.

तिसरा तट शंकेखोरांचा. हे लोक नव्या बांधणीच्या विरोधात नव्हते. ती कोण करणार याविषयी त्यांना शंका होती. त्यांचा आधार एका आधीच्या सौद्यात होता. 2017 च्या नोव्हेंबरात ओटावाने मॅट डशेन या खेळाडूसाठी आपला पहिल्या फेरीचा हक्क कोलोरॅडोला देण्याचे कबूल केले होते. 2018 चा हक्क ठेवून 2019 चा द्यावा, असा निर्णय ओटावाने केला. परिणाम असा झाला की नवी बांधणी आरंभली त्याच 2018-19 च्या मोसमात ओटावा एकतीस संघांत अगदी शेवटचे आले, आणि त्या पराभवाचे फळ कोलोरॅडोच्या पदरी पडले. जमीन पडीक टाकायची आणि तिचे उत्पन्न आधीच दुसऱ्याच्या नावे लिहून द्यायचे, याला शेती कोण म्हणेल? डशेनही त्याच मोसमात, फेब्रुवारी 2019 मध्ये, कोलंबसला दिला गेला. धीर धरा असे सांगणाऱ्याने आधी धीर धरण्याजोगा विश्वास कमावला पाहिजे, हा या तटाचा मुद्दा होता, आणि त्याला उत्तर देणे सर्वांत कठीण होते.

या वादात जुनी उदाहरणे दोन्ही बाजूंनी निघाली. 9 ऑगस्ट 1988 रोजी एडमंटनने वेन ग्रेट्स्की या अद्वितीय खेळाडूला लॉस एंजेलिसला दिले, तेव्हा कॅनडाच्या लोकसभेतील एका पुढाऱ्याने सरकारने हा व्यवहार थांबवावा अशी मागणी केली होती. तरीही 1990 साली त्याच्याविना एडमंटनने चषक जिंकला. हिशेबी लोक हे उदाहरण देत. त्यावर निष्ठावंत क्विबेकचे उदाहरण पुढे करीत. 1992 साली त्या संघाने एरिक लिंड्रॉस या होतकरू खेळाडूला फिलाडेल्फियाला देऊन मोठा मोबदला मिळवला. त्यातलाच एक तरुण, पीटर फॉर्सबर्ग, पुढे थोर खेळाडू ठरला. सौदा म्हणून तो उत्तम होता. पण 1995 साली तो संघच शहर सोडून कोलोरॅडोला गेला, आणि 1996 साली तेथे त्याने चषक जिंकला. क्विबेकच्या रसिकांनी दुष्काळ सोसला, सुगी दुसऱ्या गावाला मिळाली. ज्या ओटावात संघ हलवण्याची भाषा नुकतीच निघाली होती, तेथे ही आठवण काट्यासारखी रुतली तर नवल नाही.

पुढे काय झाले? डिसेंबर 2018 मध्ये कार्लसन प्रतिस्पर्धी म्हणून ओटावात आला, तेव्हा प्रेक्षक उठून उभे राहिले आणि त्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. सॅन होजेने त्या मोसमात उपान्त्य फेरी गाठली, आणि जून 2019 मध्ये त्याच्याशी आठ वर्षांचा, 9 कोटी 20 लाख डॉलरचा करार केला. ओटावाच्या पदरी येणारा हक्क आता 2020 चा ठरला. बाद फेऱ्या गाजवणाऱ्या संघाचा हक्क म्हणजे निवडीच्या रांगेत अगदी शेवटचा, असे तेव्हा कोणीही म्हटले असते. पण 2019-20 मध्ये सॅन होजेचा संघ अनपेक्षितपणे कोसळला. महामारीमुळे मोसम मध्येच थांबला तेव्हा तो एकोणतिसावा होता. सोडतीत त्याचा हक्क तिसऱ्या क्रमांकाचा निघाला, आणि त्यावर ओटावाने टिम श्ट्युट्झल हा जर्मन तरुण घेतला. 2022-23 मध्ये श्ट्युट्झलने नव्वद गुण मिळवले. जॉश नॉरिसने 2021-22 मध्ये पस्तीस गोल केले. ज्या सौद्याला शहराने शोकसभा मानले होते, तो चार वर्षांत संघाच्या उभारणीचा पाया ठरला.

मग हिशेबी लोक जिंकले काय? घाईने तसे म्हणता येणार नाही. सॅन होजे कोसळेल हे कोणीच गृहीत धरले नव्हते. ते आणखी एक वर्ष वरच्या रांगेत राहते तर श्ट्युट्झल ओटावाला मिळताच ना. शिवाय याच संघाने याच विचाराने, अवघ्या पाच महिन्यांनी, 25 फेब्रुवारी 2019 रोजी मार्क स्टोन या दुसऱ्या मोठ्या खेळाडूला व्हेगासला दिले. तेथे तो कर्णधार झाला. 2023 साली व्हेगासने चषक जिंकला आणि अखेरच्या सामन्यात स्टोनने तीन गोल केले. त्याच्या बदल्यात आलेला मुख्य तरुण खेळाडू ओटावात अपेक्षेइतका बहरला नाही. एकच माळी, एकच ऋतू, एकच पद्धत. एक कलम जगले, दुसरे वाळले. अशा वेळी यशाचे सारे श्रेय युक्तीला देणे हे दैवावर अन्याय करणारे होईल.

कार्लसनच्या बाजूनेही हिशेब पुरा होत नाही. सॅन होजेत दुखापतींनी त्याला गाठले. पण 2022-23 मध्ये त्याने 101 गुण मिळवले आणि तिसऱ्यांदा नॉरिस चषक जिंकला. उमेद ओसरणार म्हणून ज्याला दिले, त्याची सर्वांत मोठी कामगिरी पाच वर्षांनी झाली. मात्र तीही एका पराभूत संघात. ऑगस्ट 2023 मध्ये तो पिट्सबर्गला गेला. 2017 साली ज्या संघाने त्याचे स्वप्न मोडले, तोच हा संघ.

ओटावाच्या रसिकांनी या साऱ्याची किंमत वर्षांत मोजली. 2017 नंतर बाद फेऱ्यांचे तोंड त्यांना दिसले ते एकदम 2025 च्या एप्रिलमध्ये. तेथेही टोरांटोने त्यांना सहा सामन्यांत हरवले. मधल्या काळात मालक मेलनिक मार्च 2022 मध्ये निवर्तले, 2023 मध्ये संघ मायकेल अँडलॉवर यांच्याकडे गेला, व्यवस्थापक बदलले, आणि सौद्यात आलेला नॉरिसही मार्च 2025 मध्ये बफेलोला दिला गेला. 2017 साली दहा वर्षांचा असलेला मुलगा पुन्हा आपला संघ बाद फेऱ्यांत पाहीपर्यंत अठरा वर्षांचा झाला. संघाच्या आयुष्यात सात-आठ वर्षे ही बांधणीची मुदत असते. मुलाच्या आयुष्यात ते सारे बालपण असते. हिशेबाच्या कोणत्याही वहीत हा रकाना सापडत नाही.

आपल्याकडेही आता ही गोष्ट परकी राहिलेली नाही. 2023 च्या नोव्हेंबरात हार्दिक पंड्या गुजरातच्या संघातून मुंबईच्या संघात आला आणि पुढे रोहित शर्माच्या जागी त्याला कर्णधार नेमण्यात आले, तेव्हा 2024 च्या मोसमात वानखेडे मैदानावरील प्रेक्षकांनी आपल्याच संघाच्या कर्णधाराची हुर्यो उडवली. तीनच महिन्यांनी, विश्वचषक जिंकून आलेल्या त्याच खेळाडूच्या नावाचा जयघोष त्याच मैदानावर झाला. रसिकाचे मन चंचल असते, असा यावरून निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. पण तो वरवरचा आहे. वस्तुतः रसिक दोन्ही वेळा एकच गोष्ट सांगत असतो: हा संघ माझा आहे, आणि मला न विचारता तुम्ही त्यात काही केले आहे.

कायद्याने पाहिले तर संघ मालकाचा असतो. त्याची कागदपत्रे असतात, त्याची खरेदी-विक्री होते. रसिकाजवळ कागद नसतो. असतो तो केवळ वर्षानुवर्षांचा सहवास. ओटावाच्या क्रीडागृहात पोचण्यासाठी शहराच्या मध्यापासून सुमारे पंचवीस किलोमीटर जावे लागे. हिवाळ्याच्या रात्री, बर्फातून, हरणाऱ्या संघासाठी तेवढी वाट तुडवणाऱ्या माणसाचा त्या संघावर काहीच हक्क नाही असे म्हणणे धाडसाचे होईल. त्याने सौद्याचा निर्णय करावा असे कोणी म्हणणार नाही. ते काम जाणकारांचे. परंतु त्याला त्यागाची हाक देताना तो त्याग कशासाठी, किती दिवसांसाठी, आणि हाक देणारा स्वतः काय सोसणार आहे, हे त्याला कळले पाहिजे. मोठी माणसे देऊन टाकता येतात. त्यांच्या जागी दुसरीही येतात. श्ट्युट्झल आला, तसा उद्या आणखी कोणी येईल. विश्वास मात्र नवोदितांच्या निवडीत कोणत्याही क्रमांकावर मिळत नाही. कार्लसनला घालवणाऱ्यांना तरुण खेळाडू मिळाले, हक्क मिळाले, नशिबाने साथही दिली. शहराचे मन परत मिळवण्यास मात्र त्यांना वेळ पुरला नाही, आणि ते काम पुढच्या माणसांवर येऊन पडले.